धुडकूचं घट्ट कापड

कडोदऱ्याच्या यंत्रमागावर कापड विणण्यात वीस वर्षं काढलेला धुडकू आपल्या कापडाबद्दल बोलायला लागला, की कोसाडमधली त्याची अख्खी गल्ली पांगायची. "कापड नही, भीत शे भीत!" हे त्याचं ठरलेलं वाक्य; म्हणजे भिंतीसारखं घट्ट.

शहाण्णवच्या थंडीत तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला आणि बडबडीला कुलूप लागलं. नाकातून पोटात नळी, हातात लिहायला पाटी. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "वजन चाळीस आहे. दीड महिन्यात बेचाळीस करा, तरच किरणांचा शेक सोसेल. शेक दिला नाही, तर रोग उलटेल."

बायकोने, सरलाबाईंनी, पदर खोचला. डाळ, भात, केळी, शेंगदाणे, दूध असं सगळं मिक्सरमधून फिरवून, गाळून दर दोन तासांनी नळीतून द्यायच्या. तरी पंधरा दिवसांनी काटा अडतीसवर! धुडकूने ओळखलं, रोगच आतून खातोय. त्याने पाटीवर लिहिलं, 'घड्याळ योगराजला दे.' योगराज म्हणजे मुलगा. सरलाबाईंनी अक्षरं पुसली आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

शेवटी दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या विशाखाताई घरी आल्या. "माझ्यासमोर करून दाखवा."

सरलाबाईंनी पातेल्यावर पांढरंशुभ्र कापड ताणून बांधलं आणि वर मिश्रण ओतलं. खाली टपटप नितळ पाणी पडलं.

"हे कापड कसलं?"

"यासनाच मागनं!" सरलाबाईंनी विणकर नवऱ्याकडे बोट दाखवलं. "नळीमा कण अडकाले नको ना."

"आणि वर राहिलेला गोळा?"

सरलाबाईंनी नजर चुकवली. "मीच खाई लेस. फेकाना कसा?"

विशाखाताईंनी एकदा धुडकूच्या बरगड्यांकडे पाहिलं, एकदा बाईंच्या दंडात रुतलेल्या चोळीकडे. त्यांना हसू आवरेना. धुडकूही हसला, नाकातली नळी हलेपर्यंत हसला. रोग त्याला खात नव्हता, तो नुसता उपाशी होता. हे कळल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

त्या दिवसापासून चहाची गाळणी आली. बारीक वाटायचं आणि गाळणीतून घोटून काढायचं, की सगळं सत्त्व खाली.

दीड महिना भरला तेव्हा काटा बेचाळीसच्या जरा पुढे थांबला. "सोमवारपासून शेक," डॉक्टर म्हणाले. सरलाबाई तिथेच, भर दवाखान्यात, हुंदके देऊन रडायला लागल्या.

धुडकूने पाटी पुढे केली. 'रडू नको. दोन वाजनात. भूक लागनी.'