पान्ह्यांची पिशवी

फोनवरून पैसे पाठवले की खातंच रिकामं होतं, असं रोज कानावर येतं. म्हणून नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सामानासाठी पाचशेची नोट हातातच दिली. “मावशी, आलोच,” म्हणत तो गेला. पान्ह्यांची पिशवी मात्र इथेच ठेवून.

मी गॅलरीत उभी राहिले. अनोळखी माणसाला पैसे देताना आपण त्याचा चेहरा किती निरखतो! आणि पाठ वळली की मिशी होती की नव्हती, तेही आठवत नाही. त्या गंजक्या पान्ह्यांचे पाचशे तरी येतील का?

शेवटी तो आला. नवा नळ आणि उरलेले पैसे त्याने माझ्यापुढे ठेवले. मग खाली बसून आधी पिशवीतले पान्हे मोजले.

मला रागच आला. मी काय चोर आहे?