झुडपाला अडलेला लेसर

आमची पोस्टिंग सरहद्दीवरच्या टेकडीवर होती. इकडे इंदुरात तेव्हा एकेक मिल बंद पडत होती. नायक दत्ताचे वडील मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे, तेही घरी बसले होते. दत्ता आमच्या मॉर्टर प्लाटूनचा ऑब्झर्व्हर, म्हणजे गोळे किती लांब टाकायचे ते बघून सांगणारा. मी त्याचा रेडिओवाला, सातवी नापास.

दत्ताकडे लेसर रेंजफाइंडर होता. जाड दुर्बिणीसारखा डबा. नेम धरून बटण दाबलं की आत अंतर दिसायचं. बस. लाल पट्टा नाही, आवाज नाही. पट्टा दिसला असता तर आम्ही कुठे बसलोय ते दुश्मनाला आपणच दाखवलं असतं. मात्र किरण सरळ डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून बटण दाबण्याआधी दत्ता ओरडायचा, "लेसर!"

एका दुपारी आमची सहा जणांची गस्त नाल्यातून परतत होती. पलीकडून मशीनगन सुरू झाली. सहाही जण मधल्या टेकाडाच्या पायथ्याशी अडकले. दत्ताने खंदकातल्या मोर्च्यातून बटण दाबलं.

रेडिओवर सुभेदार साहेब. "रेंज बताओ. ओव्हर."

"चारशे," मी डब्यात बघून म्हणालो.

"थांब भिया. चारशेवर तर आपले लोक आहेत," दत्ता म्हणाला. "टेकाडावरच्या झुडपावरून परत आलाय हा लेसर. गन मागे आहे."

"रेंज! ओव्हर!"

"साहेब, रुको. ओव्हर," मी म्हणालो.

झुडपाच्या वरून बघायचं तर उभं राहावं लागणार होतं. मी त्याचा कमरेचा पट्टा धरला.

"सोड रे. घर बांधायचंय का इथे?"

ओरडला, "लेसर!" आणि उभा राहिला. "नऊशे दहा."

मी आकडा रेडिओवर सांगितला. तेवढ्यात गोळी लागून तो माझ्या अंगावर पडला. मॉर्टरचे गोळे बरोबर पडले. गन बंद झाली.

सुट्टीत बायकोला घेऊन त्याच्या घरी काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, भेटायला गेलो. त्यांचा एक शेजारी येऊन बसला होता. म्हणाला, "टीव्हीत लेसरने पहाड फोडतात. काकांच्या पोराकडे लेसर होता, मग मेला कसा? झोपला होता काय?"

काका माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "टीव्हीतला सगळं फोडतो. आमचा झुडपाला अडतो. दत्ता उभा राहिला म्हणून लेसर पुढे गेला."

"किती वाचले?" काकांनी विचारलं.

"सहाही."

"बरं," म्हणाले. मग शेजाऱ्याला, "उठ. चल, निघ."

टीव्हीवर तसलं काही लागलं की बायको आवाज बंद करायची. म्हणायची, "लिहून ठेवा हो. तुमच्यामागे कोण सांगेल?" मी टाळत आलो. या चैत्रात तीच गेली. आता घरात सांगायला कुणी नाही, म्हणून लिहिलं.

बटण दाबण्याआधी आपली माणसं समोर आहेत का, हे दत्ता बघायचा. त्या दिवशीही बघितलं. मग ओरडला, आणि उभा राहिला.