मी नको म्हटलेलं यंत्र

लग्नानंतर सहा महिन्यांनी आम्हाला बोईसरजवळच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मोरी आणि मागे पत्र्याची पडवी. तारापूरच्या किनाऱ्यावर तेव्हा मोठ्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि माझे यजमान तिथल्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. पालघरला सासरी एका खोलीत सात माणसं झोपायची. त्यामुळे त्या दोन रिकाम्या खोल्या बघून मी हरखूनच गेले. हे आपलं पहिलं घर, आपण मांडू तसं, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांत माझे दोन धाकटे दीर ट्रंका घेऊन आले. त्यांनाही तिथल्याच एका ठेकेदाराकडे काम लागलं होतं.

"राहतील इथेच. परके का आहेत?" हे म्हणाले.

परके नव्हते, पण कपडे त्यांचेही होते. दोघे दिवसभर सिमेंट कालवायचे. सिमेंट शर्टाच्या बाह्यांवर सुकून दगड व्हायचं. ते आधी भिजवायचं, मग नखांनी खरवडायचं, मग सोडा घालून उकळायचं आणि मोरीतल्या फरशीवर आपटायचं. चार माणसांचं धुणं रोज. तीन महिन्यांत माझ्या तळहातांना भेगा पडल्या. नवापूरची एक म्हातारी कोळीण दारावर मासळी घेऊन यायची. पैसे देताना तिनं माझा हात धरून उलटा केला.

"काय गो, हे काय? आमी जलमभर मिठाच्या पान्यात हात घालतो, पन असे नाय फुटत. नवऱ्याला दाखवलास?"

दाखवले होते. हे म्हणाले होते, "खोबरेल लाव."

माहेरून मी एक पायानं चालवायचं शिलाई मशीन आणलं होतं. शिरगावच्या आमच्या वाडीतल्या चिकूंचं उत्पन्न त्या वर्षी बरं आलं म्हणून वडिलांनी ते घेऊन दिलं होतं. मला शिवण चांगलं येतं ही गोष्ट कॉलनीत पसरली आणि एक दिवस परदेशी इंजिनियरांच्या बंगल्यांतून निरोप आला. तिथल्या एका बाईंना पडदे शिवून हवे होते. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचता येत होतं, बोलताना अडखळायचे. बाईंना चालायचं. पडदे झाले, मग त्यांच्या दोन मुलींचे फ्रॉक झाले, मग उशांचे अभ्रे. त्यांच्याच घरी मी कपडे धुण्याचं यंत्र पहिल्यांदा पाहिलं.

खरं तर तीन यंत्रं होती. एक जुनं, पायांवर उभं असलेलं पांढरं गोल पिंप. आत कपडे घुसळणारा पंखा आणि वर रबरी लाटण्यांची जोडी, त्यातून कपडे पिळून निघायचे. दुसरं नवं, चौकोनी. त्याला नळ जोडला की सगळं आपोआप व्हायचं. तिसरं कपडे वाळवण्याचं. ओले कपडे आत टाकायचे आणि तासाभरात गरम, कोरडे बाहेर काढायचे.

बांधकाम संपत आलं तसे परदेशी लोक परतू लागले. बाईंचीही निघायची वेळ झाली. शिवणाचे पैसे देण्याऐवजी त्यांनी मला त्या यंत्रांपाशी नेलं आणि म्हणाल्या, "यातलं तुला कुठलं हवं ते घे. नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी जाताना दोघांतल्या मोठ्या दिराचे सिमेंटनं ताठ झालेले दोन शर्ट पिशवीत घालून नेले आणि दोन्ही यंत्रांत एकेक धुऊन पाहिला. बाई हसत होत्या, पण त्यांनी अडवलं नाही. नव्या यंत्रात शर्ट जास्त स्वच्छ निघाला. पण त्याला नळाचं पाणी सतत लागायचं आणि आमच्या क्वार्टरमध्ये नळ सकाळी दीड तास यायचा. जुन्या यंत्रात पाणी बादलीनं ओतता येत होतं. किती बादल्या लागतात ते मी मोजलं. घरी येऊन शिवणाच्या मोजपट्टीनं पडवी मोजली. आणि बाईंना सांगितलं, "मला जुनं द्या." 

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझी नजर त्या वाळवण्याच्या यंत्रावरही होती. पावसाळ्यात पत्र्याखाली चौघांचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहायचे. कुबट वासाचा शर्ट घालून हे ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी मलाच ऐकवायचे. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या घराच्या तारांना झेपत असेल तर तेही ने." 

कॉलनीतला वायरमन उत्तरेकडचा होता. त्यानं येऊन मीटर पाहिला.

"भाभी, धोनेवाला चलेगा. ये सुखानेवाला अलग लाइन माँगता है. साहब से लिखवा के लाओ." 

म्हणून मी अर्ज लिहिला. इंग्रजीत, माझ्या हातानं, दोनदा खाडाखोड करून तिसऱ्यांदा स्वच्छ. आमच्या घरी ही दोन यंत्रं येणार आहेत, तरी वेगळी तार टाकून मिळावी. खाली ह्यांनी सही केली आणि अर्ज आपल्या साहेबांकडे नेऊन दिला. 

तो आठवडा मी फार आनंदात घालवला. पडवीतला चिखल उपसला, दिरांकडून विटा मागून घेतल्या आणि यंत्रांना ओल लागू नये म्हणून स्वतः ओटा बांधला. मोठे दीरसुद्धा कामावरून येऊन ओटा सुकला का ते हात लावून बघायचे. शेजारणींना मी सांगून ठेवलं होतं की पावसात लहान मुलांची दुपटी घेऊन खुशाल या. 

शनिवारी दुपारी ट्रक आला. मी दारात उभी होते. मागे दोन्ही यंत्रं दोरखंडानं बांधलेली, गोणपाटात गुंडाळलेली दिसत होती. मी हात केला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ट्रक आमच्या क्वार्टरवरून सरळ पुढे गेला आणि साहेब लोकांच्या बंगल्यांकडे वळला. घर चुकलं असं समजून मी तशीच अनवाणी मागे धावले. कोपऱ्यावर शेजारीण भेटली. तिनं विचारलं, "अगं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि परत आले. 

संध्याकाळी हे आले, पाय धुतले, चहा मागितला. 

"यंत्रं साहेबांकडे गेली," मी म्हटलं. 

"हो. मीच सांगितलं न्यायला." 

"का?" 

"साहेबांनी अर्ज वाचला. म्हणाले, अरे वा, आमच्या घरात अजून नाही आणि तुमच्याकडे दोन-दोन? आता यावर मी काय बोलणार? म्हटलं, घ्या साहेब." 

"माझ्या शिवणाचं होतं ते. मला विचारायचं तरी." 

"विचारायचं काय त्यात? हेडक्लार्कची जागा भरायची आहे. चार जण टपून बसलेत." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरं घेऊ आपण. हे काय शेवटचं आहे?" 

दोघे दीर भिंतीकडे बघत चहा पीत होते. मी कप विसळायला मोरीत गेले. 

पुढच्या मंगळवारी साहेबांच्या बंगल्यावरून शिपाई आला. बाईसाहेबांनी बोलावलं होतं. यंत्र कसं चालवायचं ते त्यांच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. मी गेले नाही तर ह्यांचं काय होईल, एवढा विचार करून गेले. 

बाईसाहेब स्वभावानं चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या उर्मट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं. 

"तुमचे उपकार झाले हो, वहिनी. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, तुम्हाला नकोच होती म्हणून. विजेची भीती वाटते ना तुम्हाला? मलाही वाटते थोडी." 

मी ग्लास धरून बसले. भीती? त्या यंत्रात किती बादल्या पाणी लागतं, रबरी लाटण्यांत बटणं अडकू नयेत म्हणून शर्ट कसा दुमडायचा, सगळं मला तोंडपाठ होतं. माझ्या हातांच्या भेगा त्या ग्लासाला लागून चुरचुरत होत्या. 'मला हवी होती,' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी म्हटलं, "हो, थोडी वाटते." 

मग उठून त्यांना दोन्ही यंत्रं चालवून दाखवली. पहिलं धुणं मीच काढलं. साहेबांचे लेंगे, बाईसाहेबांची पातळं, एक टेबलावरची चादर. वाळवण्याच्या यंत्रातून निघालेले गरम कपडे बाईसाहेबांनी गालाला लावले आणि लहान मुलीसारख्या हसल्या. 

"अगदी सोपं आहे की!" त्या म्हणाल्या. 

घरी येऊन मी मोठ्या दिरांना सांगितलं की उद्यापासून तुम्ही दोघं आपापले कपडे धुवा. हे संतापले. लोक काय म्हणतील, आईला कळलं तर काय होईल, सगळं ऐकवलं. दिरांचे कपडे दोन दिवस मोरीत पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी थोरल्यानं ते निमूटपणे धुवायला घेतले. त्यांच्यावर माझा राग नव्हता, पण ज्यांच्यावर होता त्यांचे कपडे मी त्यानंतरही रोज धूत राहिले. 

ह्यांना हेडक्लार्कची जागा मिळाली नाही. ती साहेबांच्या गावच्या एका माणसाला मिळाली. वर्षभरानं साहेबांची बदली झाली तेव्हा वाळवण्याचं यंत्र बंद पडलं होतं आणि धुण्याच्या यंत्राच्या पिंपात बाईसाहेबांनी तांदूळ भरून ठेवले होते. ते पिंप त्यांनी सामानाबरोबर नेलं. 

आम्ही पुढे खूप वर्षं संसार केला. ह्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही, मुलींना शिकवलं. धाकट्या मुलीच्या लग्नानंतर जावई पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हे रंगात येऊन जुन्या गोष्टी सांगत होते. "तेव्हा आमच्या घरी परदेशी वॉशिंग मशीन येणार होतं. पण ही विजेला घाबरायची. नको म्हणाली." 

जावई हसले. मुलगीही हसली. मी वाढता वाढता थांबले. 

"मी नको म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. "मला हवं होतं. तुम्ही देऊन टाकलंत." 

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरोखर आठवत नसावं, असा त्यांचा चेहरा होता. 

"असेल," ते म्हणाले आणि भात कालवू लागले.