पहिला कप नव्या माणसाचा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझं सगळंच ओळखून होती, शर्टाच्या खिशातल्या बडीशेपेपासून.

मी दारुडा आहे. तेवीस वर्षं थेंब घेतला नाही, तरी आहे; आमच्यात असंच म्हणतात. एवढं सांगताना आता जीभ अडखळत नाही. अडखळते ती पुढच्या गोष्टीपाशी.

राहतो डोंबिवलीत. दारू सोडायची म्हणून आधी डोंबिवलीतल्याच मीटिंगला गेलो, आणि दारातूनच परतलो. आत आमच्या दूधवाल्याचा भाऊ बसला होता. मग कल्याण. तिथे मुलीच्या शाळेतले एक सर. शेवटी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका शाळेत मीटिंग सापडली. रविवारी सकाळी अकरा. लहान मुलांचे बाक, भिंतीवर बाराखडी, ओळखीचं एकही तोंड नाही. लोक मीटिंग शोधतात ती बरं होण्यासाठी. मी शोधली ती लपण्यासाठी. पण बरा तिथेच झालो — हेही खरं.

आणि आमच्या इमारतीत मी कोण होतो? सोसायटीचा सेक्रेटरी. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. लोक तसं समजत, मी समजू देत होतो. समोरच्या दारात दिलीप राहायचा. चाळिशीचा, छापखान्यात कामाला. पिऊन जिन्यात बसून राहायचा. त्याला नोटीस द्या, असं सभेत कुणी सुचवलं? मी. लिहिलीही मीच, चांगल्या वळणदार अक्षरात. दर रविवारी 'आतेभावाकडे जातो' म्हणून घराबाहेर पडणाऱ्या माणसाने.

आमच्या ग्रुपची एक रीत आहे. आळीपाळीने एकाने खाली फाटकाशी उभं राहायचं. नवा माणूस पत्ता विचारायलाही लाजतो, दोन चकरा मारून निघून जातो, म्हणून. आणि चहाचा पहिला कप नव्या माणसाचा. तो भरून पहिल्या बाकावर ठेवायचा. कुणी आलं नाही तर गार होऊ द्यायचा, पण दुसऱ्याने हात लावायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी, एका रविवारी फाटकावर मी होतो.

रिक्षातून दिलीप उतरला. मागून त्याची बायको, सुनंदा. त्याने दाढी केली होती, शर्टाला इस्त्री होती. तिच्या हातात चिठ्ठी.

"अगंबाई, काका! तुम्ही इथे?"

अशा वेळी कुणीही काय केलं असतं? नाही — कुणाचं कशाला विचारतो मी? मी काय केलं ते सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आलोय, म्हणालो. रविवारी कसला डॉक्टर, हे तिला सुचलं नाही. तिने आवाज खाली आणून विचारलं, "इथे ती दारू सोडायची मीटिंग असते ना हो?"

"असायची," मी म्हणालो. "आता खोपटला हलवली. एसटी डेपोच्या मागे कुठेतरी."

कुठेतरी. तो शब्दही मी विचार करून घातला होता.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" दिलीप तिला म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"तुम्ही गप चला. काका, बरं झालं बाई तुम्ही भेटलात."

वर गेलो. आमच्यातले मोरे रिक्षावाले म्हणाले, "काय हो, भूत बघितलं का काय?" कुणी आलं नाही, मी सांगितलं.

मीटिंग संपताना आम्ही सगळे एक वाक्य म्हणतो — इथे पाहिलं, ऐकलं ते इथेच ठेवायचं. त्या दिवशीही म्हटलं, मोठ्याने. दिलीप वर आला असता तर त्यानेही ते म्हटलं असतं. माझं गुपित त्याने राखलं असतं. पण मी त्याच्यावर एवढाही विश्वास टाकला नाही, आणि स्वतः मात्र बारा वर्षं दुसऱ्यांच्या विश्वासावर जगत होतो.

डेपोमागे दोघं दीड तास फिरले, हे सुनंदाने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. मीटिंग मिळाली नाही, बार मिळाला. तो आत गेला, ती बाहेर उभी राहिली. पुन्हा तो कुठल्याच मीटिंगला जायला तयार झाला नाही. दोन वर्षांनी गेला. शेवटी पोटात पाणी झालं होतं.

दोन वर्षं. समोरचं दार. मध्ये चार पावलं — तीही टाकली नाहीत.

आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायला सांगतात आमच्याकडे. मी केली. बायको, भाऊ, ऑफिसातले साहेब. दिलीपचं नाव नाही. आला असता तर टिकला असता का? माहीत नाही. बरेच टिकत नाहीत. या 'माहीत नाही'च्या आडोशाला मी इतकी वर्षं बसलो.

आता बायको नाही. मुलगी लांब. समोरून सुनंदा आमटीचा डबा पाठवते. परवा स्वतःच आली. म्हणाली, "सगळी बिल्डिंग तोंड फिरवायची, काका. तुम्ही निदान नीट पत्ता तरी सांगितलात. आम्हाला सापडला नाही, ते आमचं नशीब."

मी डबा घेतला. आमटी जेवलोही.

हे कागद आधी तिच्या हातात देणार आहे. पुढे तिने काय करावं, हे सांगणारा मी कुणी नाही.

सुनंदा, मीटिंग कुठेही हलली नव्हती. फाटकातून आत, अठरा पायऱ्या, उजवीकडचा वर्ग. पहिल्या बाकावर कप भरून ठेवलेला होता. तो मी प्यायलो.