गेटबाहेरची झोप

कर्मचारी क्रमांक तीनशे सतरा. नाव हमदुल्ला इस्माईल परकार. वय एकोणपन्नास. पद वरिष्ठ स्टोअरकीपर, जड वाहनांचे सुटे भाग, गोदाम रास अल खोर, दुबई. व्हिसा दुबईचा. निवास अल नहदा, शारजा. निवास ते कार्यस्थळ अंतर अठरा किलोमीटर, अंदाजे प्रवासवेळ पंचवीस मिनिटे. कायमचा पत्ता तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. एकोणीस वर्षांच्या सेवेत उशिरा आल्याची नोंद निरंक. सदर कर्मचाऱ्यास कोणत्याही विशेष सवलतीची आवश्यकता आढळून आलेली नाही.

ही माहिती ज्याने भरली त्याने ते अंतर बहुधा ईदच्या पहाटे कापलं असावं. एरवी सहा वाजता नहदाहून निघालेला माणूस ट्रॅफिकमधून दीड तासाने रास अल खोरला पोचतो, आणि साडेसहाला निघालेला कधी पोचतो ते त्याच्या साहेबाला विचारावं. म्हणून हमदुल्ला पावणेपाचला उठायचा, नमाज पढून पाच चाळीसला घराबाहेर पडायचा, आणि सव्वासहाच्या आत गोदामाच्या गेटबाहेर गाडी लावायचा. गेट उघडायचं आठला. मधला दीड-पावणेदोन तास तो सीट मागे पाडून, एसी लावून, तोंडावर रुमाल टाकून झोपायचा. अकरा वर्षं. हा काही त्याचा एकट्याचा शोध नव्हे. त्या गल्लीत सकाळी शारजा आणि अजमानच्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीत एकेक घरंदाज माणूस तोंड उघडं टाकून पडलेला असतो.

शेजारची गाडी मुरलीधरची. तो पलीकडच्या बॅटरीच्या दुकानात फोरमन.

"हमदुल्लाभाई, तुमचं घोरणं दोन काचांतून येतं हो माझ्याकडे."

"एसीचा आवाज आहे तो, मुरलीशेठ."

"मग एसीला डॉक्टरकडे न्या एकदा."

संध्याकाळचं गणित इतकं सोयीचं नव्हतं. सुट्टी सहाला व्हायची आणि परतीच्या वाटेवर झोपता येत नाही. घरी पोचायला पावणेआठ. पेट्रोल महिन्याला सहाशे दिरहम, म्हणजे चौदा हजार रुपये. हा हिशेब तो गाडीत एकटा असला तरी मोठ्याने करायचा.

तो आधी दुबईतल्या देऱ्यात राहायचा, सहा जणांत एक खोली. तहसीनशी लग्न झालं तेव्हा दुबईतच अल कुसैस. मुलगी इनाया शाळेत चालत जायला लागली आणि भाडं पळायला लागलं, तेव्हा शारजाची सीमा ओलांडून नहदा. दर वेळी खोली एक वाढली आणि रस्ता पाच किलोमीटरने. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दुबई दिसते, ती तेवढी फुकट. गावाकडे मात्र तो अजून दुबईवाला परकारच. शारजाचं नाव काढलं की गावातली माणसं उगाच आवाज खाली करून विचारतात, "का रे, काय झालं?"

एप्रिलमधल्या एका जेवणात इनायाने लॅपटॉप ताटाशेजारी ठेवला. बारावी झाली होती, पुण्यातल्या कॉलेजचा फॉर्म भरायचा होता.

"अब्बा, नेटिव्ह प्लेस काय टाकू?"

"दापोली तालुका."

"आय हॅव बीन देअर फोर टाइम्स."

"मग पाचव्यांदा जाशील."

"नो, सीरियसली. हॉस्टेलमध्ये कोणी विचारलं तर काय सांगायचं? दुबई? दॅट्स अ लाय. शारजा? व्हिसा तिथलाही नाही. व्हेअर आर वी फ्रॉम, अब्बा?"

हमदुल्लाकडे उत्तर होतं. पण ते लांबलचक होतं. त्याची सुरुवात गलबतावर चढून आखातात आलेल्या तिच्या पणजोबांपासून व्हायची. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

"नीट सांगतो. वेळ काढून."

"व्हेन?" तिने फोनवर कॅलेंडर उघडलं. टोमणा नव्हता त्यात, तिने खरोखरच तारीख विचारली होती. तिचं पुण्याचं विमान एकोणीस ऑगस्टला होतं.

त्या रात्री हमदुल्लाला कळलं की ही मुलगी अठरा वर्षांची झाली आहे आणि ही बातमी आपल्याला लॅपटॉपच्या पाठमोऱ्या झाकणाकडे बघत मिळाली आहे. त्याने एकोणीस वर्षांत कंपनीकडे काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज केला: सकाळी साडेसहा ते दुपारी साडेतीन अशी पाळी मिळावी, जेवणाची सुट्टी दोनऐवजी एक तास, कारण कौटुंबिक.

एचआरमध्ये मिहिका होती. जन्म इथलाच, आईवडील ठाण्याचे, पंचवीस वर्षांची. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, साडेसहाला यायला जमेल? इट्स व्हेरी अर्ली."

"मी सव्वासहाला इथेच असतो."

"इथे म्हणजे?"

"गेटबाहेर. गाडीत."

मिहिकाने त्याच्याकडे पाहिलं. "ती ग्रे कार तुमची? सिक्युरिटीने दोनदा लिहिलंय की कोणीतरी टाकून दिलेली गाडी आहे."

"माणूस आहे आत म्हणून नाही लिहिलं?"

"नाही." ती थोडी ओशाळली. "ओके काका. वी हॅव अ पायलट स्कीम. तुम्हाला पहिला कर्मचारी म्हणून टाकते. फॅमिली टाइमसाठीच आहे. दर महिन्याला फीडबॅक भरावा लागेल, बस."

पहिल्या दिवशी हमदुल्ला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घरी पोचला. दार इनायाने उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अब्बा, आर यू सिक?"

"नाही."

"डिड दे फायर यू?"

"अगं, सुटलो लवकर!"

आतून तहसीन म्हणाली, "आधी आत तर घे त्यांना. शेजारी बघतात."

चहा झाला. हमदुल्ला सोफ्यावर ऐसपैस बसला, इनाया समोर मांडी घालून. त्याने घसा साफ केला. "तर तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, हर्णै बंदरात..."

पुढचं त्याला आठवत नाही. जाग आली तेव्हा सव्वासात वाजले होते, अंगावर चादर होती आणि समोर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी चहा दोनदा घेतला. चौथ्या दिवशी उभ्यानेच सांगू लागला, तर तहसीन म्हणाली, "भिंतीला टेकू नका हो, पडाल." पंधरा दिवसांत पणजोबा तीनदा बंदरापर्यंत पोचले. गलबतावर एकदाही चढले नाहीत.

"हरकत नाही अब्बा," इनाया म्हणाली. "यू लुक टायर्ड." तिचा समजूतदारपणाच त्याला जास्त लागला.

मुरलीधर आता दुपारी भेटायचा, जेवायच्या सुट्टीत.

"घरी बरं वाटतंय का?"

"झोप येते हो फार. बसलो की डोळा लागतो. रक्त तपासून आलो, काही नाही निघालं."

मुरलीधरने डबा बाजूला ठेवला. "उठता किती वाजता?"

"तेच, पावणेपाच."

"झोपता?"

"तेच, अकरा."

"आणि गाडीतली झोप?"

हमदुल्लाने बोटांवर मोजलं. पावणेपाच तेच, अकरा तेच. अकरा वर्षं तो रोज गेटबाहेर जी झोप काढत होता, ती त्याने झोप म्हणून कधी धरलीच नव्हती. ते वाट बघणं होतं. तीच झोप त्याने जशीच्या तशी कंपनीला देऊन टाकली होती.

"परत आठची पाळी मागा."

"आणि काय लिहू, मुरलीशेठ? कारण, गाडीत झोपायचंय?"

"मग लवकर झोपा."

"लवकर झोपलो तर पोरगी कधी भेटणार?"

मुरलीधरने डबा पुन्हा पुढ्यात ओढला. तो अजमानला राहतो आणि त्याला दोन मुलं आहेत.

जूनअखेर मिहिकाचा अहवाल सूचनाफलकावर लागला. कर्मचारी क्रमांक तीनशे सतरा यांना प्रायोगिक योजनेअंतर्गत कुटुंबासमवेत दररोज साडेतीन तास अतिरिक्त उपलब्ध झाले आहेत. परतीच्या प्रवासवेळेत एक तास घट. समाधान श्रेणी पाचपैकी पाच. अन्य विभागांनी सदर उदाहरणाची नोंद घ्यावी.

आता संध्याकाळी साडेसहाला इनायाकडे बिल्डिंगमधली चार मुलं गणिताच्या ट्यूशनला येतात. त्याआधी हमदुल्लाला सोफ्यावरून उठवून आतल्या खोलीत पाठवावं लागतं.