भरल्या गाडीचे पाटे

लढाई संपली आणि नगरच्या लष्करी वर्कशॉपातून माणसं कमी केली, त्यात आमचे हेही गेले. त्याच सुमाराला विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची दोन माणसांची, उघडी, शर्यतीची मोटार ह्यांनी घेतली. माझ्या पाटल्या गेल्या आणि दारात ती उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "दोघांचीच जागा हाय, मी काय टपावर बसू?" त्या गाडीला टपसुद्धा नव्हतं.

ह्यांच्या डोक्यात बेत होता. बेलापूरकडच्या एका उसाच्या बागाईतदाराला अशी गाडी हवी होती आणि ती सांभाळायला माणूसही. राहायला खोली, बारमाही पगार. वर्कशॉप सुटल्यापासून आमची चूल माझ्या माहेरच्या ज्वारीवर चालली होती, आणि ती भाकरी मोडताना ह्यांची मान किती खाली जाते ते मी रोज बघत होते. वळणावर गाडी कलू नये आणि खड्ड्यात आदळू नये, एवढीच मालकांची अट होती.

पण तेवढंच तर बिघडलेलं होतं. गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे, मागच्या बाजूला पार बसले होते. वळण आलं की गाडी एका अंगाला झुकायची आणि मागून घसरायची. नवे पाटे मागवायची ऐपत कुठली? ह्यांनी भंगारातल्या लष्करी लॉरीचे आणले, लोहाराकडून कापून घेतले आणि मागे दोन्हीकडे जास्तीचे चढवले. हिसके आवरायला चाकांपाशी ज्या चकत्या असतात त्या झिजल्या होत्या. तिसगावला माझ्या भावाच्या विहिरीवर फाटकी मोट पडून होती, तिच्या चामड्यातून नव्या कापल्या. मग बोल्ट आवळायचे, चक्कर मारायची, पुन्हा आवळायचे. घरात मीठ संपलेलं ह्यांना कळायचं नाही, पण बोल्ट सैल झालेला अंथरुणात पडल्यापडल्या कळायचा.

चक्कर मारताना शेजारी मी, मागच्या सामानाच्या जागेत ज्वारीचं पोतं आणि पोत्यावर सासूबाई. आमच्याकडे रिकामी गाडी कोणी हाकत नाही. बैलगाडी असो की टांगा, वाटेत माणूस दिसला की घ्यायचा, माणूस नसेल तर सरपण तरी. मोटारीचं वेगळं काही असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. शेवगावच्या रस्त्यावर ती भरली गाडी वळणं अशी घ्यायची की मी दार धरणं सोडून दिलं.

"लई झ्याक," सासूबाई म्हणाल्या. "पोटातलं पानी हालत न्हाई."

त्या दिवशी हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, आणि वेड्यासारखी मी बेलापूरच्या त्या खोलीत कुठे काय मांडायचं ते ठरवायला लागले.

मालक रेल्वेनं आले. शेवगावच्या रस्त्यावर आम्ही गाडी घेऊन थांबलो, तिथे ते टांग्यानं पोचले. "मी एकटाच चालवून बघतो," ते म्हणाले. आम्ही उतरलो. त्यांचा मान म्हणून पोतंही उतरवलं, जागा पदरानं पुसून दिली.

गाडी निघाली ती टणाटण उडत. मागे वजनच नव्हतं, आणि लॉरीचे ते पाटे दबायला तयार नव्हते. खड्ड्याखड्ड्याला मागची चाकं जमीन सोडत होती. पहिल्याच वळणावर गाडी उडाली आणि बाभळीत जाऊन अडकली. मालक कोपर झटकत बाहेर आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हिला भरलं घर लागतं," ते म्हणाले. "मी एकटा फिरतो."

"जास्तीचे पाटे काढतो मालक. उद्या पुन्हा बघा."

"बघू." आमच्या जिल्ह्यात बघू म्हणजे नाही.

ह्यांनी एका माणसाच्या वजनापुरते ठेवून बाकीचे पाटे काढले, चकत्या सैल केल्या. मालकांनी दुसरी गाडी घेतल्याचा निरोप आला तरी हे थांबले नाहीत. रोज संध्याकाळी एकटेच चक्कर मारायचे. गाडी छान चालत होती, लांबूनही कळायचं. एकदा मी दारातून विचारलं, "अहो, मी येऊ का?"

"नको," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझं वजन पडतं."