लिअँडरच्या बाईकमधलं पाणी

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावातला मासळीचा कारखाना बंद पडला आणि ऑगस्टाची बावीस वर्षांची नोकरी गेली. कारखान्यातले पट्टे, मोटारी, बर्फाचं मशीन, सगळं तीच दुरुस्त करायची. पण नंतरच्या चार वर्षांत गावाला त्याचा पार विसर पडला होता.

त्या ऑगस्टमध्ये घरची जुनी बाईक कायमची बसली. बाईक म्हणजे जाड टायरांची, उघडी चारचाकी. दलदलीतून, दगडधोंड्यांतून ओझं ओढणारी. मागच्या हिवाळ्यात तोडलेलं लाकूड सहा किलोमीटर आत जंगलात रचून ठेवलेलं होतं आणि नवरा अ‍ॅम्ब्रोज कमरेने अधू. बर्फ पडायच्या आत लाकूड घरी यायला हवं होतं. नव्या बाईकची किंमत ऐकूनच दोघांनी तो विषय सोडला. तेवढ्यात अ‍ॅम्ब्रोजचा चुलतभाऊ लिअँडर आपली बाईक विकतोय असं कळलं.

दोघं बघायला गेली. लिअँडरने सगळं सांगितलं ते अ‍ॅम्ब्रोजलाच. "बावीसशे डॉलर, घरचा माणूस म्हणून. जरा अडखळते, पण नुसती बॅटरी बदल, पळेल."

"तेल कधी बदललंस?" ऑगस्टाने विचारलं.

"वसंतात बदललं रे," तो अ‍ॅम्ब्रोजकडे बघून म्हणाला.

ऑगस्टाने खाली वाकून तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं तर आत वाळलेलं शेवाळ. पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं, ते खुळखुळलं.

"ही पाण्यात बुडालीये, लिअँडर."

"छे! पाऊस लागला असेल." तो हसला. "वहिनी, अहो कारखान्यातलं मशीन नव्हे हे. अ‍ॅम्ब्रोज, तू सांग, तुला कशी वाटते?"

अ‍ॅम्ब्रोजने टोपी काढली, पुन्हा घातली. "दिसायला बरी आहे," तो म्हणाला.

ऑगस्टाने मनात हिशोब मांडला. तेल तीनदा बदलून इंजिन धुवायचं, सगळे सील नवे घालायचे, चाकाचं बेअरिंग बोटीने येईल तेव्हा येईल. आणि इंजिनातला फिरता दांडा गंजला असेल तर सगळंच पाण्यात. हजारच्या वर एक डॉलर द्यायचा नाही, असं तिने तिथेच ठरवलं आणि तसं सांगितलं. लिअँडर पुन्हा हसला.

वाटेत ती म्हणाली, "तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"तू बोलत होतीसच की."

"मी बोलत होते, पण तो माझं ऐकत होता का? तुझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर ऐकला असता त्याने."

"नात्यातला आहे गं. रोज तोंड बघायचंय त्याचं."

पुढचे दहा दिवस तिने आजूबाजूच्या गावांत फोन केले. एक बाईक विकली गेली होती, एक चोरीची वाटली, एकीच्या मालकाने "नवऱ्याला बोलायला सांगा" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी तिने बटाटे इतक्या जोरात सोलले की निम्मा बटाटा सालीबरोबर गेला.

अकराव्या दिवशी ती दुकानातून परतली, तर दारात लिअँडरची बाईक उभी. अ‍ॅम्ब्रोज पायरीवर बसलेला.

"कितीला?"

"बावीसशे."

तिने सामानाची पिशवी पायरीवर ठेवली.

"म्हटलं, तू करशील नीट," तो खाली बघत म्हणाला. "या गावात दुसऱ्या कुणाला जमणार नाही, पण तुला जमेल."

चार वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. ते आज, याच्या तोंडून, बाराशे डॉलर वर मोजून ऐकायला मिळालं, याचाच तिला जास्त संताप आला. "हेच त्याच्या अंगणात म्हणायला काय झालं होतं?" तिने विचारलं.

तिने खाली भांडं ठेवलं आणि इंजिनचा खालचा बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं, चांगलं वाटीभर, मग तेल. "बघ," ती म्हणाली. अ‍ॅम्ब्रोजने पाहिलं. मग अंधार पडू लागला तसा कंदील धरायला उभा राहिला. कमर दुखत असूनही बसला नाही, आणि तिनेही बस म्हटलं नाही.

दांडा वाचला होता. बेअरिंगने मात्र दोन महिने खाल्ले. नोव्हेंबरमध्ये तिने एकटीने नऊ खेपा केल्या. उरलेलं लाकूड बर्फाखाली गेलं. नाताळपर्यंत ती अ‍ॅम्ब्रोजशी कामापुरतंच बोलली. बाईकची किल्ली तेव्हापासून तिच्याच कोटाच्या खिशात असते.